जावईबापूंचा आवाज

खेळाच्या बाईंच्या निरोप समारंभात मी आभार मानायला उभी राहिले आणि माझ्या तोंडातून जावईबापू बोलले. शब्द माझेच होते, सकाळी दात घासताना जुळवलेले. बाई दुसऱ्या शाळेत चालल्या, त्यांनी आम्हाला पळायला शिकवलं, पडायलाही शिकवलं, असं काहीतरी. पण ‘पडायलाही’ म्हटल्यावर मी थांबले. उगाच नाही, ठरवूनही नाही, आपोआप. डावी भुवई वर गेली. उजवा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, आणि माझ्या गणवेशाला तर तिथे खिसाच नाही. आणि मग तो शेवटचा शब्द मी असा लांबवला, ओला करून, पिळून, झटकून दोरीवर घातल्यासारखा, की सगळं सभागृह टाळ्या वाजवत सुटलं. बाई रडल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मी माझ्या जागेवर येऊन बसले तेव्हा कान गरम झाले होते, गुडघे हलके झाले होते, आणि मला, खरं सांगते, इतकं छान वाटत होतं की अजून कुणीतरी शाळा सोडून जावं आणि मी लगेच पुन्हा आभार मानावेत. तेवढ्यात शेजारी बसलेल्या टाचणीनं माझा हात घट्ट धरला आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाली, “अगं, तू अगदी साहेबांसारखी बोललीस.” झालं. एकदम जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं.

टाचणी म्हणजे माझी मैत्रीण. अंगानं तशी आणि बोलण्यानंही तशीच. ती आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहते, आणि तिचे वडील आमच्या वॉर्डाचे प्रमुख आहेत. साहेबांच्या पक्षाचे, हे वेगळं सांगायला नको, कारण आमच्या शहरात दुसरा पक्ष असतो हे बऱ्याच जणांना भूगोलाच्या पुस्तकातल्या ज्वालामुखीसारखं वाटतं: असेल कुठेतरी, आपल्याकडे नाही. साहेब म्हणजे ते, ज्यांचा फोटो बसथांब्यावर, दवाखान्यात, पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीवर आणि आमच्या वर्गात फळ्याच्या वर आहे. आणि जावईबापू म्हणजेही तेच. फक्त ते नाव आमच्या घरातलं. आईनं ठेवलेलं. सगळं शहर ज्याला पाट मांडून वाढतं, जो तरीही रुसतो, ज्याला कुणी ‘का हो?’ म्हणून विचारलं की ज्याचा मान दुखावतो, त्याला दुसरं काय म्हणायचं, असं आईचं म्हणणं. शिवाय भिंतींना कान असतात. जिन्यात कुणी ऐकलंच तर वाटावं, कुणा नातेवाइकाबद्दल बोलतायत. आमचं घर दुसऱ्या बाजूचं. बाबा मत देऊन येतात तेव्हा रांगेतले लोक त्यांच्याकडे बघून प्रेमानं हसतात, गेलेली बस परत येईल असं अजून वाटणाऱ्या माणसाकडे बघून हसावं तसं. बाबांचं म्हणणं एवढंच असतं की ज्याला प्रश्न विचारला की राग येतो त्याला मी निवडून देत नाही, माझ्या दुकानातही मी तसला मदतनीस ठेवणार नाही.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात. ते डॉक्टर नाहीत, पण आधी नको नको म्हणून थकले आणि आता ओ देतात. अरुंद दुकान, एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता, आणि लाकडी पेटीत भिंगं, प्रत्येक आपापल्या खाचेत, कापसासारख्या आवाजात सरकणारी. मागे एकदा पक्षाचे दोन कार्यकर्ते येऊन साहेबांचा मोठा फोटो लावून गेले, आणि जागाच नव्हती म्हणून नेमका अक्षरांच्या तक्त्याशेजारी. बाबांना वाटलं, काय हरकत आहे, उलट बरंच की; ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांना विचारू, कोटाची बटणं किती दिसतात. आणि तिथेच फसले. कारण एकही माणूस म्हणेना की साहेब अंधूक दिसतात. सगळ्यांना सगळी बटणं स्पष्ट. भिंग घालायच्या आधीच स्पष्ट. एक आजोबा तर दाराच्या चौकटीला धडकून आत आले होते, खुर्चीऐवजी वजनकाट्यावर बसत होते, पण फोटोकडे बोट केल्यावर ताठ होऊन म्हणाले, “लख्ख. अगदी लख्ख. डोळ्यांतलं तेजसुद्धा दिसतंय.” पंधरवडाभर सगळ्यांचे नंबर चुकत गेले, लोक चष्मे परत आणायला लागले, आणि शेवटी बाबांनी फोटो हळूच खुर्चीच्या मागच्या भिंतीवर नेला. कुणी विचारलं तर सांगायचे, साहेब आता तुमच्या पाठीशी आहेत. लोक खूश. ही गोष्ट घरी सांगताना बाबा जेवता जेवता इतके हसायचे की आमच्याकडेच राहणारी आत्या त्यांच्या पाठीवर थापट्या मारायची.

आणि जेवताना आमचा तो कार्यक्रम चालायचा, ज्यानं माझा हा घात केला. तो कसा सुरू झाला ते मला अंधूक आठवतं. मी अगदी लहान, टेबलाच्या खालून पाय हलवणारी. टीव्हीचा आवाज गेला होता, चित्र तेवढं यायचं, आणि दुरुस्त करायला न्यायचा आळस. पडद्यावर साहेब भाषण करत होते. तोंड उघडतंय, मिटतंय, हात हवेत, आणि घरात फक्त चमच्यांचा आवाज. आई कांदा चिरता चिरता एकदम घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आज मी तुम्हाला वचन देतो... की माझ्या बुटांत खडा गेलाय.” आणि नेमकं त्याच क्षणी साहेबांनी चेहरा कसनुसा केला. आम्ही इतके हसलो की आत्यानं पाणी सांडलं. नंतर टीव्ही दुरुस्त होऊन आला तरी साहेब दिसले की आवाज बंद करायचा हे ठरूनच गेलं. “लावा गं खिडक्या,” असं बाबा म्हणायचे की समजायचं, नाटक सुरू. भर उकाड्यात खिडक्या लावून, पंखा आणि घाम आणि आम्ही चौघं. कामं वाटलेली होती. आई म्हणजे गर्दी. बाबा म्हणजे साहेबांच्या मागे उभा राहून सतत मान हलवणारा तो टकला माणूस, त्याच्या मनात काय चाललंय ते बाबा पुटपुटायचे: गॅस बंद केला का, मुलीची फी भरली का, हे कधी संपणार. आत्या म्हणजे टाळ्या. आणि साहेब, मी. आधी आई करायची, पण मी एकदा मध्येच तोंड घातलं आणि सगळे माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हापासून गादी माझी.

आता मला कळतं की चेष्टा करायला किती बघावं लागतं. साहेबांना मानणारे लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत, ते आधीच ठरलेलं काहीतरी बघतात. मी मात्र बघितलंय. श्वास कुठे घेतात, कुठला शब्द येणार असला की खांदा आधी हलतो, तिसऱ्या शब्दानंतर कसे थांबतात आणि त्या थांब्यात लोक कशा टाळ्या वाजवतात. पुढे काय येणार ते माहीत नसतानाच वाजवतात, पुढे काहीच आलं नाही तरी चालतं. चांगलं बोलायचं असेल, खूप लोकांना एकाच वेळी हलवायचं असेल, तर कसं बोलायचं हे मला दुसऱ्या कुणी शिकवलंच नाही. बाबा हळू बोलतात, वाक्याच्या शेवटी आवाज खिशात ठेवतात. आई बोलते तेव्हा निम्मं टोमण्यात जातं. शाळेत बाई बोलतात ते आम्ही गप्प बसावं म्हणून. त्यामुळे यंदा, जेव्हा मला एकदम वाटायला लागलं की मी बोलू शकते, वर्गात हात वर करताना कोपर थरथरेनासं झालं, दुकानदार आधी माझ्याशी बोलायला लागले, आरशातली मुलगी माझ्याकडे बघून ‘काय मग?’ म्हणायला लागली, तेव्हा माझ्या आत बोलणारा एकच माणूस तयार होता, आणि तो नेमका तो होता. दुसऱ्याच्या घरातून चोरून आणलेलं रोप आपल्या कुंडीत तरारून वर यावं आणि सगळ्यांनी येता-जाता म्हणावं, वा, काय तुमची बाग, तसंच हे.

टाचणीनं घरी जाऊन सांगितलं असणार, कारण दोनच दिवसांनी संध्याकाळी प्रमुखकाका स्वतः खाली आले. हातात बिस्किटांचा मोठा डबा. आईनं जावईबापू पडद्यावर होते ते घाईनं बंद केले, बाबांनी खिडकी उघडली, आणि आम्ही चौघं इतके साळसूद दिसत होतो की मलाच संशय आला.

“डॉक्टर, तुमची मुलगी म्हणजे खाण आहे खाण,” काका बसता बसताच म्हणाले. त्यांचा आवाज मोठा आहे आणि पोट त्याहून मोठं, आणि ते हसले की दोन्ही एकदम हलतात. “आमची लेक सांगत होती, सगळी शाळा रडवली म्हणे. पुढच्या रविवारी तरुणांचा मेळावा आहे आपला. सभागृह भरणार. हिला पाच मिनिटं देतो. विषय सोपा, ‘आपलं शहर’.”

“लहान आहे हो ती,” बाबा म्हणाले.

“लहान? आमच्यापेक्षा उंच झाली की!”

“परीक्षा आहे,” आई म्हणाली.

“परीक्षा संपली, आई,” मी म्हणाले. आई माझ्याकडे असं बघायला लागली की त्या नजरेवर कांदा परतला असता. आणि मग मी, कुणी विचारायच्या आधी, “मी येईन, काका,” असं म्हणूनही मोकळी झाले. त्यात भुवई होती की नव्हती, देव जाणे. पण सभागृह, माईक, समोर इतके चेहरे, असा विचार आला आणि जीभ माझी राहिलीच नाही.

काका गेल्यावर बाबांनी दार लावलं आणि कडी नीट बसली का ते उगाच दोनदा बघितलं. आई म्हणाली, “घरातलं घरात ठेवायचं असतं एवढी अक्कल नाही तुला? त्यांच्याच माणसाचा आवाज काढून त्यांच्याच समोर जाणार. कळलं तर?”

“काय कळणार? त्यांना वाटेल मी त्यांचीच.”

“हो ना. तेच म्हणतेय मी.”

“जाऊ दे गं तिला,” आत्या बिस्किटाचा डबा उघडत म्हणाली. “निदान तिथे दुसरं कुणी टाळ्या वाजवेल. इतकी वर्षं मी एकटी वाजवतेय, तळहाताच्या रेषा पुसल्या माझ्या.” बाबांनी मघाशी उघडलेली खिडकी पुन्हा लावून घेतली.

टाचणीला मी भाषण म्हणून दाखवायला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीला टेकून ती बसली, मी वाळत घातलेल्या चादरींसमोर उभी राहिले, आणि सुरुवात केली: आपलं शहर मला... आणि तिथेच तो थांबा. टाचणीनं टाळ्या वाजवल्या. मग अचानक म्हणाली, “पण ते बुटातल्या खड्याचं नाही ना म्हणणार?”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा चादरी, टाकी, आकाश, सगळं एकदम स्वच्छ, धारदार दिसायला लागलं, बाबांनी बरोबर भिंग घातल्यावर दिसतं तसं. “तुला कसं माहीत?” मी विचारलं.

“अगं, सगळं ऐकू येतं की वर. तुमच्या स्वयंपाकघरातली हवेची खिडकी, ती वरची छोटी, तिला काचच नाही. तिथून सरळ आमच्या घरात येतं. तुमच्या खिडक्या धाडधाड लागल्या ना, की पप्पा आमचा टीव्ही बंद करतात आणि स्टूल घेऊन खिडकीपाशी बसतात. तुझ्या बाबांचा तो मान हलवणारा माणूस पप्पांना फार आवडतो. एकदा इतके हसले की स्टुलावरून पडले. कुणाला सांगू नको हां. पप्पांच्या माणसांना कळलं तर त्यांची पंचाईत होईल.”

“सगळ्यांना माहितीये?”

“बिल्डिंगमध्ये? हो, म्हणजे... जवळपास. त्यात काय? तुम्ही छान करता.” टाचणी टोचत नव्हती, खरंच कौतुकानं सांगत होती, आणि तेच जास्त टोचत होतं. “पप्पा म्हणाले, म्हणूनच तर तिला बोलवू. म्हणाले, विरोधातल्या घरातली पोरगी आपल्या स्टेजवर येऊन साहेबांसारखी बोलते म्हटल्यावर अजून काय पाहिजे.”

मी तिला काहीतरी म्हणाले, आता आठवत नाही, आणि खाली उतरले, पण घरी न जाता रस्त्याला लागले. चालता चालता मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटत होतं तर भीती गेल्याचं. लहानपणापासून मला वाटायचं, आम्ही चौघं म्हणजे काहीतरी आहोत. धोकादायक. खिडक्या लावून बसणारे, कुजबुजणारे, आतून पेटलेले. शाळेत फळ्याच्या वरच्या फोटोखाली बसताना माझ्या पोटात ते गुपित गरम दगडासारखं असायचं आणि त्याच्यामुळे मी इतरांपेक्षा थोडी उंच बसायचे. आणि आता कळलं की आम्ही फुकटची करमणूक होतो. जिन्यात भेटणारे सगळे जे हसायचे ते हसू आता मला मागे जाऊन पुन्हा पुन्हा दिसायला लागलं: दूधवाल्याचं, दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेचं, काकांचं तर होतंच. पाळलेल्या पोपटाकडे बघून हसतात तसं. पोपट शिव्या देतो तेव्हा लोक रागावत नाहीत, पाहुण्यांना बोलावून ऐकवतात. आणि मी तर पोपट म्हणून स्वतःहून पिंजऱ्यात जाऊन वर ‘मी येईन, काका’ म्हणाले होते. पण त्याच वेळी, हेही लिहायलाच हवं, प्रमुखकाका स्टुलावरून पडताना डोळ्यांसमोर येत होते आणि रस्त्याच्या मधोमध मला हसू फुटत होतं. समोरून येणाऱ्या बाईंनी बाळाची गाडी पलीकडून नेली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा चष्म्याच्या एका काडीचा स्क्रू बसवत होते, जिभेचं टोक बाहेर. मी उंच खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. खिडकी, स्टूल, टकला माणूस, बिल्डिंग. बाबांच्या हातातला स्क्रू पडला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटलं आता काहीतरी मोडेल. मग ते म्हणाले, “म्हणजे उकाड्यात आपण उगाचच मेलो?” आणि हसायला लागले. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग काउंटरला धरून, डोळ्यांतून पाणी, पेटीतली भिंगं आपापल्या खाचांत किणकिणायला लागली. “इतकी वर्षं... घामानं... आणि तो वर स्टुलावर, पंख्याखाली...” मीही हसले. दोघंही खाली बसून स्क्रू शोधत होतो आणि हसत होतो, फरशीवर, हातांवर आणि गुडघ्यांवर, आणि भिंतीवरून साहेब खुर्चीच्या पाठीकडे तेजस्वी डोळ्यांनी बघत होते.

स्क्रू सापडला. बाबांनी तो तळहातावर ठेवला, पण बसवला नाही. “हसतात म्हणजे आपलं पटतं असं नाही हं,” ते म्हणाले.

“माहितीये. मी जाऊ नको ना?”

“मी कुठे म्हटलं? जा की. बोलवायला आलेत, बोल.” मग थोडा वेळ तो स्क्रू इकडून तिकडे करत राहिले. “फक्त एक. त्याच्या आवाजात बोललीस तर मी येणार नाही. रागावून नाही गं. मला बघवणार नाही. तुझ्या आवाजात मात्र काहीही बोल. त्यांचं कौतुक कर हवं तर, मी पहिल्या रांगेत बसेन.”

“माझा आवाज म्हणजे कुठला?” मी विचारलं. थट्टेनंच विचारलं होतं, पण विचारून झाल्यावर थट्टा उरली नाही. बाबांनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ती गिऱ्हाइकाला नवीन नंबर लागला की ते बघतात तशी होती.

मग तो आठवडा मी स्वतःला ऐकत फिरले आणि अर्धी वेडी झाले. मीठ दे म्हटलं तर त्यात आई. टाचणीला ‘हट्’ म्हटलं तर त्यात टाचणी. बसमध्ये ‘सरका जरा’ म्हटलं तर साक्षात खेळाच्या बाई. न्हाणीघरात नळ सोडून मोठ्यानं साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचला, तर तिसऱ्या शब्दापाशी थांबलेच, आणि बाहेरून आत्यानं सवयीनं टाळ्या वाजवल्या. मला वाटायला लागलं, मी म्हणजे एक मोकळी खोली आहे आणि त्यात जो येतो तो आपली खुर्ची ठेवून जातो. कुणाची एकही नसेल तर खोलीत काय उरेल? एकदा मात्र गंमत झाली. आमच्या मांजरीनं माझ्या वहीवर उलटी केली आणि मी किंचाळत, अडखळत, तीन वाक्यं एकात एक घुसवत, शेवटचं आधी आणि पहिलं शेवटी असं काहीतरी ओरडले. आणि ओरडताना थबकले. हे कुणाचं होतं? हे घरात कुणीच असं बोलत नाही. फार वेगानं, वर चढत जाणारं, शब्द एकमेकांच्या टाचा तुडवणारे. अजिबात सुंदर नाही. सभागृहात याला कोण टाळ्या देणार? मी हिरमुसले आणि जरा खूशही झाले, नव्या कुणाची ओळख होताना आधी त्याचं नाक आवडत नाही तशी.

रविवारी सभागृह खरंच भरलं होतं. स्टेजवर लांबलचक फलक: ‘सगळं शहर साहेबांच्या पाठीशी’. पहिल्या रांगेत कडेला बाबा, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर हात. म्हणजे मी कुठल्या आवाजात बोलणार ते न विचारताच येऊन बसले होते, उधारीवर. शेजारी आई, तोंडाला कुलूप लावल्यासारखी, आणि आत्या, टाळ्यांच्या तयारीत. काकांनी माझी ओळख करून दिली, “आपल्या डॉक्टरांची मुलगी, ऐका, ऐका तुम्ही फक्त,” आणि डोळा मारल्यासारखं हसून माईक माझ्या हातात दिला. माईक गार होता आणि जड.

“आपलं शहर मला,” मी म्हणाले, आणि तो थांबा आला. बोलावलं नव्हतं, आला. भुवई वर जायच्या बेतात होती. आणि त्या तीन शब्दांवर, पुढे काय ते माहीत नसताना, सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. कानांत तेच ऊन, गुडघ्यांत तोच हलकेपणा. आणखी एक शब्द तसाच लांबवला असता तर ती माणसं मला खांद्यावर घेऊन गेली असती. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. बाबा उठले नव्हते. पण त्यांचे हात गुडघ्यांवरून खुर्चीच्या हातांवर आले होते.

मग मी मांजरीवर ओरडले तशी बोलले. एका श्वासात, धडपडत. “आपलं शहर मला आवडतं म्हणजे फार आवडतं, तलाव आवडतो, आमचा जिना आवडतो, बसमध्ये मागची सीट आवडते, मी इथेच जन्मले, पण आमचं घर साहेबांना मत देत नाही, माझे बाबा नाही देत, आई नाही, आत्या नाही, मी मोठी झाले की मीही नाही देणार बहुतेक, आणि तुम्ही इथे लिहिलंय की सगळं शहर त्यांच्या पाठीशी आहे, तर मग मला एवढंच विचारायचंय, की आम्ही कुठे राहतो?”

 माझा आवाज शेवटी चिरकला होता, खडू उलटा फिरल्यासारखा. टाचणी मागच्या दारापाशी तोंडावर हात ठेवून उभी होती. आत्यानं एकटीनं टाळी वाजवली, एकदाच, आणि आईनं तिचा हात धरला. आणि मग प्रमुखकाका पुढे आले, पोट आणि आवाज दोन्ही हलवत, मोठ्यानं हसत, आणि माझ्या हातातून माईक अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा. “बघा!” ते म्हणाले. “बघा, हे फक्त आपल्याकडे होतं! विरोधातलं लेकरू आपल्या स्टेजवर येऊन मनातलं बोलतं! ही साहेबांची कमाई, हा साहेबांचा मोठेपणा!” आणि टाळ्या. केवढ्या टाळ्या. छत हललं. मी जे बोलले होते ते एका क्षणात घडी घालून त्यांच्या खिशात गेलं. लोक माझ्याकडे बघून हसत होते, प्रेमानं. जिन्यात हसतात तसं.

एक वाक्य माझ्या जिभेवर होतं, स्टुलाबद्दलचं. एवढं एकच म्हटलं असतं तर काकांच्या माणसांनी काकांकडे वळून बघितलं असतं. मी टाचणीकडे बघितलं. ती आधीच मान हलवत होती, नको, नको. मी ते वाक्य गिळलं. ते त्यांच्या घरातलं होतं.

पण हसून सोडून द्यायला माझ्याकडे आता खिडक्या लावलेलं घर नव्हतं. “काका,” मी म्हणाले. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. “काका, थांबा. माझं झालं नाही अजून.”

काका हसत माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले. मी डोकं मागे घेतलं आणि माईकसाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. पाठीमागे धरला. त्यांचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यांचे डोळे पहिल्यांदाच मला पोपट समजत नव्हते. टाळ्या रेंगाळल्या, मग विसकटल्या. पहिल्या रांगेत बाबा उभे राहिले होते, मला न्यायला नाही, नुसतेच उभे.

मग मी माईकशिवायच सुरू केलं. भराभर, अडखळत, आवाज वर वर चढवत. मागून कुणीतरी ओरडलं, “ऐकू येत नाही!” आणि मागच्या रांगांतून खुर्च्या पुढे ओढल्याचे आवाज यायला लागले.